कासवाला घातलेलं गाऱ्हाणं

"बा देवा म्हाराजा... आज ह्या प्रांजलची आई हापिसात अडाकली हा. तिच्या वाटेत जा काय आडवा येयत, ता बाजूक कर, आणि तिका येळेर घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सहा चिमुकले आवाज एका दमात ओरडले.

आणि त्यांच्यामागोमाग, क्षणभर उशिरा, उघड्या दारातून सातवा आवाज आला. मोठ्या माणसाचा, घोगरा, कापरा...

"व्हय म्हाराजा."

शेवंतीचे जोडलेले हात तसेच राहिले. समोर तांदूळ धुवायची रोवळी उपडी घालून, तिच्या वेतांत जास्वंदीच्या फांद्या खोचून मुलांसाठी केलेलं कासव होतं. मुलुंड पूर्वेच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या पाळणाघरात रोज चार वाजता, झोपेतून उठलेली पोरं आईच्या आठवणीनं मुसमुसायला लागली की हे कासव कोपऱ्यातून बाहेर निघायचं आणि त्याला गाऱ्हाणं घातलं जायचं. हे कासव, हे गाऱ्हाणं, ही हाक... या पोरांना सोडलं तर जगात तिच्याखेरीज आणखी एकाच व्यक्तीला ठाऊक होती. मागे वळून बघायचं धाडस तिला होईना. वळावं आणि दारात कुणीच नसावं, असं तिच्या बाबतीत चौदा वर्षांत किती वेळा झालं होतं!

पण या वेळी दारात माणूस होतं. तेव्हा तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या होत्या, आता मानेपर्यंत कापलेले केस होते. खांद्याला बॅग, गळ्यात कुठल्याशा स्टुडिओचं ओळखपत्र. मात्र रडू दाबताना खालचा ओठ दाताखाली धरायची ती जुनी खोड... ती कशी बदलेल?

"अपू..." शेवंतीच्या तोंडून शब्द फुटला.

"सवयीनं निघून गेलं तोंडातून," अपूर्वा कोरडेपणानं म्हणाली आणि चपला काढून आत आली. "लाडात येऊ नकोस, आत्ये. मी भांडायला आलेय. माझी सीडी कुठाय?"

शेवंती उठली. कपाटातल्या लुगड्याच्या घडीखालून तिनं ती काढली. वेष्टनाचा रंग विटला होता, पण पाठीवर अख्खं रान घेऊन चालणारं ते प्रचंड कासव आणि त्याच्या पायाशी उभी असलेली लाल झग्यातली मुलगी अजून दिसत होती. या घरात सीडी लावायचं यंत्र कधीच नव्हतं. चौदा वर्षं तिनं फक्त ते वेष्टन पाहिलं होतं! नवसाला बोललेला नारळ जपावा तशी ती सीडी तिनं जपली होती.

अपूर्वानं ती हातात घेतली आणि वेष्टनावरच्या कासवावरून अंगठा फिरवला.

सुरुवात या सीडीपासूनच झाली होती. म्हणजे खरं तर त्याआधी तीन महिने, जेव्हा घाटकोपरच्या पंतनगरातल्या घरात शेवंतीची वहिनी जानकी तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली आणि पाच वर्षांची अपूर्वा बोलायचीच थांबली. रडली नाही, हट्ट केला नाही... नुसती मुकी झाली! शेवंतीचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. पस्तिशी गाठल्यावर एकदाचं जमलेलं, कणकवलीच्या श्यामसुंदर मास्तरांशी. माणूस भला होता, सहा महिने थांबायलाही तयार होता. पण सहा महिन्यांत ती पोर बोलेल याची हमी कोण देणार? शेवंतीनं भावाला एवढंच सांगितलं, "दादा, मास्तरांका नाय म्हणान कळव." दत्तारामनं मान खाली घातली. कोणी तिला विचारलं नाही, आणि तिनंही कुणाला काही बोलून दाखवलं नाही.

मग एका संध्याकाळी दत्ताराम स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून ती सीडी घेऊन आला. कार्टून आहे एवढंच त्याला ठाऊक. लावून बघतात तो काय, सगळं जपानी! खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, पण शेवंतीची शाळा मालवणात चौथीतच सुटलेली. अपूर्वानं तिच्या पदराला धरून पडद्याकडे बोट केलं. डोंगराच्या कुशीतून, झाडं हलवत, पानं सांडत, ते अवाढव्य कासव उठत होतं आणि मुलगी त्याच्यापुढे उभी राहून हात उडवत, वाकत काहीतरी सांगत होती. पोरीच्या डोळ्यांत प्रश्न होता... ती काय म्हणतेय?

आता काय म्हणतेय ते शेवंतीला कसं कळावं! पण डोंगरातून उठून येणारा, झाडापानांत राहणारा, लेकराला अभय देणारा असा कोण असतो, हे कोकणातल्या माणसाला काय सांगायला लागतं? तो गावचा राखणदार! आणि राखणदारापुढे उभं राहून माणूस दुसरं काय करणार? गाऱ्हाणंच घालणार की!

"ती चिमी म्हणता," शेवंतीनं धडधडीत ठोकून दिलं, "बा देवा म्हाराजा, माझी आई लांबच्या गावाक गेली हा. तिका थयसर सुखी ठेव रे म्हाराजा! आता आपण काय म्हणूचा?"

आणि तीन महिन्यांनी, त्या मुक्या घरात, बारीकसा आवाज उमटला होता.

"व्हय म्हाराजा..."

त्या दिवशी शेवंतीनं मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून पोटभर रडून घेतलं.

मग सात वर्षं ती सीडी त्या घरात नांदली. परीक्षा झाली, लाव कासव. ताप आला, लाव कासव. आरेच्या बसमधून जाताना झाडीतला प्रत्येक खडक अपूर्वाला कासवाची पाठ वाटायचा आणि दोघी खिडकीतून हात जोडायच्या, समोरची माणसं हसली तर हसोत. चिमीचे संवाद शेवंती दर वेळी नवे रचायची, कधी चिमी गणितात पास होऊ दे म्हणायची, कधी बाबांची बदली टळू दे. फक्त एक गोष्ट कधी बदलली नाही. पहिल्याच दिवशी, शेवटाकडे येताना, त्या मायाळू कासवानं अचानक जबडा पसरून मुलीवर अशी भयंकर डरकाळी फोडली होती की अपूर्वा किंचाळून आत्याच्या कुशीत शिरली. शेवंतीनं झटक्यात बटण दाबलं. "हयसर सीडी खराब आसा," असं ती म्हणाली, आणि पुढे सात वर्षं, दर वेळी, नेमकी त्याच जागी सीडी "खराब" होत राहिली. आई गमावलेल्या पोरीला राखणदारही उलटतो हे दाखवायचं कशाला? स्वतः शेवंतीनंही पुढचं कधी पाहिलं नाही. तिलाही ते बघवलं नसतं.

अपूर्वा अकरा वर्षांची झाली आणि दत्तारामनं प्रेमाशी लग्न केलं. प्रेमा वाईट नव्हती हो! वाईट असती तर किती सोपं झालं असतं... वर्षभर ती बिचारी पोरीच्या आवडीचे घावणे करून वाट पाहायची आणि पोर आत्याच्या ताटातलं उचलून खायची. वेणी आत्यानं घालायची, डबा आत्यानं भरायचा, झोपायचं आत्याजवळ. प्रेमाला हाक मारायची तर "अहो" म्हणून. एका दुपारी ओट्याशी भाजी निवडता निवडता प्रेमाचे हात थांबले. "वन्सं, रागावू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही आहात तोवर मी या घरात पाहुणीच. ती मला कधी आई म्हणणारच नाही." आणि मग पदरानं तोंड झाकून हुंदके देत राहिली. तिचं मूल होऊ शकत नाही हे डॉक्टरांनी त्याच महिन्यात सांगितलं होतं.

शेवंतीनं आठ दिवस विचार केला. नुसतं निघून जाऊन भागणार नव्हतं. पोर मागे आली असती, दिवसरात्र झुरली असती, आणि तिच्या झुरण्याचा दोष प्रेमाच्या माथी आला असता. तिचं मन आपल्यावरून उडायला हवं होतं. मायेच्या माणसाचं मन कसं उडवायचं? शेवटी तिनं तेच एक हत्यार काढलं, जे सात वर्षांत स्वप्नातही काढलं नव्हतं. पिशवी भरून ती दारात उभी राहिली आणि पोरीवर ओरडली, "तुझ्यापायी माझा लगीन रवला! माझा काय आयुष्य आसा का नाय? कंटाळलंय मी तुका! सोड माका!"

बारा वर्षांची ती पोर भिंतीला चिकटून उभी राहिली. ओठ दाताखाली धरून. रडलीसुद्धा नाही.

जिन्याच्या वळणावर शेवंती मटकन बसली होती, पण ते कुणी पाहिलं नाही. पिशवीत दोन लुगडी होती आणि ती सीडी. पोरीची सगळ्यात लाडकी वस्तू आपण का उचलली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मला पत्रं आली नाहीत, फोन नाही," अपूर्वा आता बोलत होती. मुलं चिडीचूप होऊन दोघींकडे बघत होती. "मी मोठी झाले ते तुला चुकीचं ठरवण्यासाठी. जपानी शिकले, तेही त्याचसाठी. अंधेरीच्या स्टुडिओत परदेशी सिनेमे मराठीत आणायचं काम करते मी. म्हटलं, कधीतरी हा सिनेमा हातात येईल आणि मला कळेल की आत्या माझ्याशी पहिल्यापासून खोटंच बोलत होती."

"मगे? कळला?" शेवंतीनं हळूच विचारलं.

"गेल्या महिन्यात आला माझ्याकडे. आत्ये, ती मुलगी गाऱ्हाणं घालतच नव्हती!" अपूर्वाच्या चेहऱ्यावर राग आणि हसू यांची झोंबाझोंबी चालली होती. "त्या कासवानं तिच्या आजोबांच्या शेतातले मुळे खाल्ले होते! ती त्याला शिव्या घालत होती. चक्क शिव्या! आणि आपण दोघी सात वर्षं हात जोडून..."

"मुळे?" शेवंतीचे डोळे विस्फारले. "अरे देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं सवयीनं ओरडली.

अपूर्वा फस्सकन हसली. शेवंतीही हसली. चौदा वर्षांनी दोघी एकदम हसल्या. मग अपूर्वाचं हसू ओसरलं.

"आता खरं सांग," अपूर्वा म्हणाली. "का गेलीस?"

शेवंतीनं पदर सारखा केला. खरं सांगितलं तर प्रेमाचं काय? ज्यासाठी चौदा वर्षं जाळली, ते नातं एका वाक्यात विस्कटायचं? "तेव्हाच सांगलंय मी. माका माझा आयुष्य..."

"मग केलंस लग्न?" अपूर्वानं तिला पुढे बोलूच दिलं नाही. भिंतीलगतचे पाळणे, दोरीवरची लंगोटी, वाट्यांतला मऊ भात... तिनं सगळीकडे नजर फिरवली. "ज्या आयुष्यासाठी मला टाकलंस ते हे? परत दुसऱ्याचीच पोरं? ताकाला जाऊन भांडं किती लपवशील, आत्ये!"

अपूर्वानं बॅगेतून लॅपटॉप काढला, पाटावर ठेवला आणि मुलांना जवळ बोलावलं. सहा पोरं आणि एक म्हातारी होत चाललेली बाई पडद्यापुढे बसली. तोच डोंगर, तेच हिरवं रान, पावलागणिक टपटप सांडणारी पानं... शेवंतीचा ऊर भरून आला. वय, गुडघे, ही भाड्याची खोली, सगळं विसरून ती पुन्हा पंतनगरच्या फरशीवर बसली होती आणि मांडीवर पाच वर्षांचं डोकं होतं. जगात एवढं सुंदर काही असू शकतं, याचं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं तेवढंच नवल आजही वाटलं.

अपूर्वानं सिनेमा पुढे सरकवला. कासव थांबलं. मान वर केली. शेवंतीनं तो क्षण ओळखला.

"बंद कर!" ती पटकन म्हणाली. "हयसर सीडी खराब आसा!"

"ही सीडी नाहीये, आत्ये." अपूर्वानं तिचा पुढे आलेला हात घट्ट धरला.

डरकाळी घुमली. प्रांजलनं डोळे मिटले. पडद्यावरची मुलगी घाबरून, अडखळत, डोंगर उतरून पळत सुटली. खाली दिवे लागलेल्या एका घराच्या दारात कुणी बाई उभी होती, तिच्याकडे. मुलगी तिच्या कुशीत शिरली. आणि वर, एकट्या पडलेल्या कासवानं हळूच मान आत ओढून घेतली. मग त्याच्या पाठीवरच्या रानाची सगळी पानं, एकूण एक, गळून पडली.

शेवंतीला पुढचं दिसेना. डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"मी हे पहिल्यांदा स्टुडिओत पाहिलं," अपूर्वा खालच्या आवाजात म्हणाली. "सगळे पुढच्या ओळीसाठी थांबलेले आणि माझ्या तोंडातून आवाजच फुटेना. ते कासव ओरडलं ना, आत्ये, तेव्हा मला तू दिसलीस. दारात. पिशवी घेऊन. मी तशीच घरी गेले आणि आईला विचारलं."

आई! किती सहज म्हणाली ती... शेवंतीच्या काळजात एकाच वेळी सुख आणि कळ उठली. हाच शब्द त्या घरात उमटावा म्हणून तर ती जिना उतरली होती.

"तिनं सगळं सांगितलं. स्वतःहून. रडत रडत. गाऱ्हाणं घालावं तसं," अपूर्वा म्हणाली. "तिला तुझा पत्ता ठाऊक होता. चौदा वर्षं ठाऊक होता आणि सांगायची हिंमत नव्हती. मी चार दिवस बोलले नाही तिच्याशी. आता ती खाली उभी आहे. वर यायला धजत नाही."

"आणि तू तिका उन्हात उभी करून हय पिक्चर दाखवतंस माका?" शेवंती एकदम कडाडली. डोळे पुसत ती उठली, खिडकीशी गेली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "प्रेमा! वर ये गो! परक्यासारखी काय उभी रवलंस?"

प्रेमा आली. केस पांढरे झालेले, हातात स्टीलचा डबा. उंबरठ्यातच ती वाकली. "वन्सं... मी तुमचं लेकरू घेतलं," एवढंच तिला बोलता आलं.

शेवंतीनं तिला उठवून पोटाशी धरलं. "घेतलंस खय? मी दिलंय. आणि सांभाळलंस बरा, बघ केवढा झाला!" मग अपूर्वाकडे वळून, "आणि तू गो! चार दिवस आईशी अबोला? हीच शिकवण माझी?"

"सॉरी," अपूर्वा पुटपुटली. सव्वीस वर्षांची घोडी, पण क्षणात बारा वर्षांची झाली.

डब्यात घावणे होते. सहा पोरांना वास लागायला वेळ लागला नाही. शेवंतीनं एकेकाच्या हातावर तुकडा ठेवला आणि लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. तेवढ्यात प्रांजल ओरडली, "आजी, पिक्चर!"

"संपलो गो पिक्चर."

"नाही संपलेला," अपूर्वा म्हणाली. "अजून आठ मिनिटं आहेत."

शेवंतीनं हात मागे घेतला. तिच्या मनात तर ती गोष्ट डरकाळीपाशीच संपलेली होती. चौदा वर्षं ती त्याच जागी थांबून होती! पडद्यावर वर्षं सरली. उघडंबोडकं कासव, त्याच्यावर धूळ, बर्फ, पुन्हा धूळ... आणि मग डोंगराच्या वाटेनं कुणीतरी वर येताना दिसलं. उंच, मोठी झालेली मुलगी. काखेत टोपली. टोपलीत मुळे! तिनं एक पांढराशुभ्र मुळा कासवाच्या बंद कवचापुढे ठेवला, गुडघे टेकले आणि काहीतरी म्हणाली. दोनच शब्द.

अपूर्वानं चित्र तिथंच थांबवलं.

"ह्या ओळीचं मराठी मी अजून लिहिलं नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज आता पूर्ण फुटला होता. "उद्या रेकॉर्डिंग आहे. तू सांग ना, आत्ये. पूर्वीसारखं. ती चिमी काय म्हणता?"

शेवंतीनं त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या मुलीच्या तोंडाकडे. या खेपेला तिला काही रचावं लागलं नाही.

"ती म्हणता..." ती म्हणाली, "मी इलंय."

अपूर्वानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हमसाहमशी रडू लागली. "बरोबर," रडतच ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा बरोबर भाषांतर केलंस तू."

पलीकडे प्रेमा पदरानं डोळे टिपत होती. पडद्यावर कवचातून हळूच मान बाहेर येत होती आणि ओसाड पाठीवर एक कोंब फुटला होता, तो सगळ्यात आधी प्रांजलनं पाहिला. तेवढ्यात जिन्यावर धावती पावलं वाजली. प्रांजलची आई धापा टाकत दारात उभी राहिली. ऑफिसची पर्स खांद्यावरून घसरलेली, चेहरा अपराधी.

"आई!" प्रांजल झेपावली. "कासवानं ऐकलं!"

"सॉरी हो आजी, खूप उशीर झाला मला."

शेवंतीचा हात मांडीवरच्या केसांतून फिरत होता. मान वर न करताच ती म्हणाली, "उशीर झालो तर झालो गो. येवचा माणूस इला... माका तेवढा पुरे."